गुरुवारी लाइट नसते तेव्हा फायरवॉल किती वॅटचा हवा: भोसरीतल्या एका वर्कशॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतलं वर्कशॉप आहे, सीएनसी आणि व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापणारी मशीन) मिळून सात मशीन, ऑफिस आणि शॉप फ्लोअर धरून तीसेक माणसं, ऑटो पार्ट्सचं जॉबवर्क. नाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील मुद्दाम गाळलेत. मी तिथे नोकरीला नाही, बाहेरून कॉम्प्युटर-नेटवर्कचं बघतो, महिन्याला ठरलेले पैसे आणि लाइट गेली की फोन.

ऑफिस पत्र्याच्या शेडमध्ये पोटमाळ्यावर आहे. खाली मशीन चालतात त्यामुळे हवेत कुलंटचा तेलकट ओलावा आणि लोखंडाचा बारीक कीस कायम असतो, पंखा असलेली कुठलीही वस्तू तिथे सहा महिन्यांत आतून काळी चिकट होते. नेटवर्क म्हणजे काय तर एका लोकल फायबरवाल्याचं २०० एमबीपीएसचं कनेक्शन स्टॅटिक आयपीसहित (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता), त्याने दिलेला ओएनटी (फायबर जिथे येतं तो डबा), एक साधा स्विच, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि एक टॅलीचं मशीन जे सगळे "सर्वर" म्हणतात पण तो साधा डेस्कटॉपच आहे.

आता गुरुवारचं. पुण्याच्या पट्ट्यात गुरुवार हा देखभालीचा वार आणि म्हणून एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टीचाही वार, सकाळी ९ च्या सुमारास लाइट गेली की संध्याकाळपर्यंत भरवसा नाही. कामगारांना सुट्टी असते पण मालकांना (मी त्यांना दादा म्हणतो) आणि अकाउंटच्या काकांना सुट्टी नसते, ते दोघं घरून टॅलीत घुसून बिलं, पेमेंट, जीएसटीचं काम करतात, सीएच्या ऑफिसातला मुलगा पण गुरुवारीच घुसतो कारण तेव्हा बाकी कोणी टॅली अडवून बसलेलं नसतं. थोडक्यात बाहेरून लॉगिन सगळ्यात जास्त कधी, तर लाइट नसते त्या दिवशी.

अडचण

२०२४ च्या फेब्रुवारीत एका सकाळी टॅलीचा डेटा उघडेना, सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी टेक्स्ट फाइल. कारण शोधायला दहा मिनिटं पण लागली नाहीत. ओएनटीवर ३३८९ पोर्ट सरळ टॅलीच्या मशीनकडे फॉरवर्ड केलेला होता, म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप अख्ख्या जगाला उघडा, आणि पासवर्ड कंपनीचं नाव आणि १२३. कोणी केलं होतं हे विचारू नका, माझ्या आधीचं होतं पण मी येऊन आठ महिने झाले होते आणि मी ते बघितलं नव्हतं, त्यामुळे तो दोष माझ्याही खात्यात.

पैसे दिले नाहीत. काकांच्या पेन ड्राइव्हवर ११ दिवसांपूर्वीचा बॅकअप निघाला, मधली बिलं कागदावरून परत मारली. मधल्या काळात दोन दिवस ई-इनव्हॉइस (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेली बिलं) निघाली नाहीत. ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ती सक्तीची आहे, क्यूआर कोड नसलेल्या बिलावर टेम्पो गेटच्या बाहेर काढता येत नाही. दादांना सायबर हल्ला वगैरे फार कळला नाही, पण भरलेला टेम्पो दोन दिवस दारात उभा हे बरोबर कळलं.

मी तात्पुरता उपाय म्हणून पोर्ट बंद केला, कोपऱ्यात पडलेला एक जुना आय५ डेस्कटॉप घेतला, त्यात दुसरं नेटवर्क कार्ड टाकलं, ओपीएनसेन्स (फुकट मिळणारं फायरवॉलचं सॉफ्टवेअर) चढवलं आणि तोच फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि ऑफिसच्या मधला पहारेकरी. बाहेरून यायचं तर वायरगार्डनेच, म्हणजे व्हीपीएन, इंटरनेटमधून जाणारा खाजगी बंद रस्ता. काम झालं, सगळे खूश. आणि पहिल्याच गुरुवारी दुपारी २ ला दादांचा फोन, "अरे बंद पडलं सगळं."

इन्व्हर्टर संपला होता. तोपर्यंत तो संध्याकाळपर्यंत कसाबसा पुरायचा, माझ्या डेस्कटॉपने त्याचा जीव घेतला. वॅट मीटर प्लगमध्ये लावून बघितलं तर फायरवॉलवाला डेस्कटॉप काहीही न करता ६८ वॅट खात होता, टॅलीचं मशीन ६०, आणि ओएनटी, स्विच, डीव्हीआर मिळून ४०.

हिशोब

हा भाग जरा नीट लिहितो कारण माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो आणि लोक नेमकं हेच करत नाहीत, सरळ कुठला प्रोसेसर भारी यावर येतात.

एक वॅट वर्षभर चालू राहिला तर ८.७६ युनिट. ६८ वॅटचा डेस्कटॉप काढून १२ वॅटचा छोटा तयार डबा लावला (१२ का ते पुढे येईल) तर ५६ वॅट वाचतात, म्हणजे वर्षाला ४९० युनिट, त्यांच्या बिलात सगळे आकार धरून युनिट १० रुपयांच्या आसपास पडतं म्हणजे वर्षाला पाचएक हजार. चांगला डबा १५ ते २० हजारांचा. नुसत्या बिलासाठी घेतला तर वसूल व्हायला तीन-चार वर्षं, आणि ज्या शॉपमध्ये एक व्हीएमसी स्पिंडल फिरवताना काही किलोवॅट ओढते तिथे हे पाच हजार कोणाच्या डोळ्यावर पण येत नाहीत. दादा तसंच म्हणाले.

बॅटरीचा हिशोब बघा आता. १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅटअवर, पण लेड अ‍ॅसिड बॅटरी तळापर्यंत काढायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही खातो, नव्या बॅटरीचे मी १२०० धरतो. ही दोन वर्षांची होती. १६८ वॅटवर ९ ते २ म्हणजे पाच तास चालली, म्हणजे हातात ८४० वॅटअवर. तेच लोड ११२ वर आणलं तर साडेसात तास, आणि हळू काढली की अशी बॅटरी कागदी हिशोबापेक्षा थोडं जास्तच देते, तर संध्याकाळचे साडेचार-पाच. त्या ५६ वॅटची किंमत बिलात पाच हजार आणि गुरुवारी अडीच तास. मला अडीच तास विकायचे होते.

यावर दादांनी अगदी बरोबर प्रश्न टाकला, "मग बॅटरीच नवी टाकू की, पंधरा हजारात काम होतंय." होतं खरं. इथे मी दोन दिवस अडकलो. शेवटी तोडगा बॅटरीने नाही तर पंख्याने काढला, डेस्कटॉप उघडून दाखवला, दीड महिन्यात सीपीयूच्या पंख्यावर काळा चिकट थर बसला होता. बॅटरी नवी आली तरी हा डेस्कटॉप पावसाळा काढणार नव्हता.

कुठले पर्याय बघितले

दादांच्या पुतण्याने रास्पबेरी पाय सुचवला, इंजिनिअरिंगला आहे तो. पाय ४ चार-पाच वॅटवर चालतो हे खरं, पण त्याला लॅन पोर्ट एकच, दुसरा यूएसबीवर लावावा लागतो, आणि एसडी कार्डावर सिस्टीम म्हणजे लाइट जाण्याच्या जागी मला झोप लागली नसती. ओपीएनसेन्स अधिकृतपणे त्यावर येत पण नाही, ओपनडब्ल्यूआरटी हे दुसरं सॉफ्टवेअर टाकावं लागलं असतं. घरी मजेसाठी मस्त. पुतण्या थोडा नाराज झाला.

पुण्याच्या तपकीर गल्लीत एका दुकानात जे१९०० वाला चार पोर्टांचा बिनपंख्याचा डबा साडेसहा हजारात मिळत होता. हा प्रोसेसर २०१३ चा आहे आणि त्यात एईएस-एनआय (एन्क्रिप्शन वेगाने करायची प्रोसेसरमधली सोय) नाही. एईएस-एनआयचं एक जुनं भूत आहे, २०१७ मध्ये पीएफसेन्सवाल्यांनी (ओपीएनसेन्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) जाहीर केलं होतं की पुढच्या २.५ आवृत्तीला हे लागणारच, लोकांनी धडाधड हार्डवेअर बदललं आणि नंतर ती अटच मागे घेतली. वायरगार्डला तर ते लागतही नाही, तो चाचा२० नावाची वेगळी एन्क्रिप्शनची पद्धत वापरतो. म्हणजे आमच्या कामाला जे१९०० चालला असता का, तर चालला असता. पण दहा वर्षं जुना बोर्ड "नवा" म्हणून विकतात तेव्हा त्यातले कपॅसिटर किती वर्षं कपाटात होते कोणाला माहीत, म्हणून सोडला.

मला मनातून एपीयू२ हवा होता. स्वित्झर्लंडच्या पीसी इंजिन्सचा बोर्ड, एक गिगाहर्ट्झचा चार कोअरचा एएमडी, पंखा नाही, १२ व्होल्टवर चालतो, इंटेलची नेटवर्क कार्डं, सहा ते दहा वॅट. एका क्लायंटकडे मी लावलेला आहे आणि तो तिथे आहे हे मी विसरूनच गेलोय, फायरवॉलला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. पण २०२३ मध्ये कंपनीने ती लाइनच संपवत असल्याचं सांगितलं, उरलेला माल चढ्या भावात. ज्याचा स्पेअर मिळणार नाही तो डबा धंद्याच्या जागी लावायचा नाही.

ब्रँडेड यूटीएमचं (कंपनीचा तयार, लायसन्सवर चालणारा फायरवॉल) कोटेशन पण घेतलं, तीन वर्षांच्या लायसन्सने पन्नास हजारांच्या जवळ. वीज तेवढीच, पंखा नाही, सपोर्ट फोनवर. दादांना आकडा बघून घाम आला, पण मी प्रामाणिकपणे सांगितलं की मी उद्या गाव सोडून गेलो तर यूटीएम सांभाळणारा माणूस भोसरीत चार ठिकाणी मिळेल, ओपीएनसेन्सवाला शोधावा लागेल. ते म्हणाले, "तू कुठं जातोयस." हा काही निर्णय घेण्याचा निकष नाही, पण घेतला.

मग उरले दोन. मायक्रोटिक कंपनीचा हेक्स राउटर, पाच-सहा हजारांचा, जेमतेम पाच वॅट, वायरगार्ड आहे, दोन लाइनींचं फेलओव्हर (एक लाइन गेली की आपोआप दुसरीवर) आहे, आणि केबलवाल्यांकडे सगळीकडे मायक्रोटिकच असल्याने तो येणारी पोरं पण बरीच. आणि दुसरा इंटेल एन१०० वाला चार पोर्टांचा डबा, २०२३ चा प्रोसेसर, चार कोअर, टीडीपी (कंपनी प्रोसेसरसाठी लिहिते ते वॅट) सहा वॅट. इथे एक लक्षात ठेवा, टीडीपी म्हणजे प्लगमधून ओढणारे वॅट नव्हेत, त्यावर रॅम, एसएसडी, नेटवर्क चिपा आणि अ‍ॅडॅप्टरची गळती आली, आणि लोड आला की एन१०० स्वतः पण थोडा वेळ सहाच्या बराच वर जातो. मी १२ धरले होते ते यासाठी.

निर्णय कुठे झाला

वेगाचा मुद्दा नव्हताच. लाइन २०० ची. तीन माणसं रिमोट डेस्कटॉपवर टॅली बघणार म्हणजे व्हीपीएनमधून पाच एमबीपीएस पण जात नाही, हे मी जुन्या डेस्कटॉपच्या ग्राफवर आठवडाभर बघितलं. फ्रीबीएसडीवर (ओपीएनसेन्सच्या खालची सिस्टीम) पीपीपीओई (फायबरच्या लाइनचं लॉगिन) एकाच कोअरवर अडकतो वगैरे ज्या चर्चा असतात त्या गिगाबिटच्या लोकांसाठी. म्हणजे हेक्स पुरेसा होता, स्वस्त होता आणि बॅटरीवर अजून सात वॅट वाचवत होता.

तरी एन१०० घेतला, आणि कारणं दोन. पहिलं लॉग, म्हणजे कोण कधी आलं-गेलं याच्या नोंदी. सर्ट-इनचे (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, त्यात लॉग १८० दिवस ठेवा आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा असं आहे, कंपन्या पण त्यात येतात. फेब्रुवारीत आम्ही काहीच कळवलं नव्हतं कारण दादांना हे माहीत नव्हतं आणि मला उडत उडत माहीत होतं. हेक्सचे लॉग ठेवायला बाजूला दुसरं मशीन किंवा स्टोरेज जोडावं लागलं असतं, एन१०० मध्ये १२८ जीबीची एसएसडी आतच. दुसरं कारण स्पेअर. ओपीएनसेन्सची सगळी सेटिंग एका एक्सएमएल फायलीत येते, ती कुठल्याही साध्या पीसीवर टाकली आणि नेटवर्क कार्डांची नावं जुळवली की तोच फायरवॉल उभा. म्हणजे तो ६८ वॅटचा डेस्कटॉप भंगारात न घालता कपाटात ठेवता येत होता.

तिसरं कारण वहीत लिहिलेलं नाही पण खरं आहे, मला ओपीएनसेन्स येतं आणि मायक्रोटिकमध्ये माझा हात तेवढा बसलेला नाही.

काम

डबा १७,५०० ला पडला, ८ जीबी रॅमसकट. आल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅमची तपासणी) लावला, बायोसमध्ये वीज परत आली की आपोआप चालू हो ही सेटिंग केली (ही विसरलात तर गुरुवारी संध्याकाळी कोणीतरी कुलूप उघडून बटण दाबायला जाणार), फाइल सिस्टीम झेडएफएस निवडली म्हणजे मध्येच लाइट गेली तरी उठताना रडत नाही. रॅम डिस्कवर लॉग ठेवायचा पर्याय असतो तो मुद्दाम बंद, नाहीतर लाइट गेली की लॉग पण गेले. लॉग डिफॉल्टला फार दिवस राहत नाहीत, ते १८० च्या वर नेले.

सगळ्यात जास्त वेळ हार्डवेअरने नाही घेतला, फायबरवाल्याने घेतला. ओएनटी ब्रिज मोडला टाका (त्याने नुसती लाइन पुढे द्यायची) एवढंच सांगायचं होतं म्हणजे पीपीपीओई आमचा डबा करेल, त्याला नऊ दिवस आणि चार माणसं लागली. तोपर्यंत डबल नॅटवर (ओएनटी आणि फायरवॉल दोघंही राउटर) चालवलं, ओएनटीतून वायरगार्डसाठी एकच यूडीपी पोर्ट फायरवॉलकडे.

नेटवर्कचे चार तुकडे केले त्यासाठी अडीच हजारांचा स्मार्ट स्विच घेतला: ऑफिस, कॅमेरे, पाहुण्यांचं वायफाय आणि मशीन. मशीनला प्रोग्राम पाठवणाऱ्या पीसीवर अजून विंडोज ७ आहे आणि तो बदलता येत नाही कारण सॉफ्टवेअरवाली कंपनीच उरलेली नाही, तर त्याला इंटरनेटच बंद. मशीन दुरुस्तीला येणारे इंजिनिअर आपला लॅपटॉप लावतात तो पाहुण्यांच्या तुकड्यात. माझ्या मते सुरक्षेचं खरं काम या विभागणीत आणि पोर्ट बंद करण्यात झालं, डब्याच्या ब्रँडशी त्याचा काही संबंध नाही. सुरिकाटा (हल्ले ओळखून अलर्ट देणारं सॉफ्टवेअर) चालू केलं नाही, ते अलर्ट रोज बघायला माणूस नाही आणि फुकट सीपीयू तापतो.

काय झालं

वॅट मीटरवर डबा साधारण ११ वर स्थिर आहे.

एप्रिलमध्ये पहिला धक्का. भिंतीवरच्या बंद रॅकमध्ये डबा ठेवला होता, पत्र्याखाली दुपारी आत हात घालवत नव्हता, सीपीयू ७८ अंशांवर. बिनपंख्याचा डबा म्हणजे उष्णता नाही असं नसतं, ती बाहेर काढायचं काम तुमच्या जागेचं असतं. रॅकमधून काढला, भिंतीला असा ठोकला की वरच्या पाकळ्या उभ्या राहतील आणि गरम हवा त्यांच्यातून वर सरकेल. ६१ वर आला. धूळ बसते पण महिन्याला ब्रश मारला की झालं.

पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी वीज कडाडली आणि डबा गेला. म्हणजे डबा नाही, त्याचा अ‍ॅडॅप्टर. १२ व्होल्टचाच होता, कॅमेऱ्यांचे १२ व्होल्टचे तीन अ‍ॅडॅप्टर ड्रॉवरमध्ये, मला वाटलं पाच मिनिटांचं काम. पिनच बसेना, कॅमेऱ्याची २.१ मिलिमीटरची आणि डब्याची २.५. त्या रात्री कपाटातला डेस्कटॉप काढला, एक्सएमएल टाकली, चाळीस मिनिटांत सगळं चालू. दोन दिवस त्याच्यावर गेले, मग २.५ चे दोन अ‍ॅडॅप्टर आणले, एक लावला, एक डब्यालाच टेपने चिकटवलाय.

फायबर तुटलं की नेट दुसरी लाइन म्हणून लावलेल्या ४जीच्या राउटरवर जातं, ई-इनव्हॉइस निघतात, टेम्पो सुटतो. मात्र तेव्हा बाहेरून व्हीपीएन लागत नाही, मोबाइलची लाइन सीजीनॅटच्या (कंपनी एकच आयपी अनेकांना वाटते) मागे असते, तिला बाहेरून दिसणारा स्वतःचा आयपीच नसतो. हे दादांना आधीच सांगितलं होतं आणि दादांनी मान डोलावली होती, तरी पहिल्यांदा झालं तेव्हा फोन आलाच.

आता केलं असतं तर वेगळं काय

घटना कळवण्याचा कागद आधी करून ठेवला असता, कोणी, कुठे, कुठल्या मेलवर. आता तो काकांच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

हेक्सचा विचार परत केला असता. वर्षभरात लॉग एकदाच उघडले, तेही कॅमेऱ्याचा डीव्हीआर कुठल्या तरी परदेशी पत्त्याला सारखा हाका मारत होता ते बघायला. ज्याच्याकडे आधीच एखादा छोटा एनएएस (नेटवर्कवरची डिस्क) आहे त्याने लॉग तिकडे टाकून हेक्स लावावा, मी त्याला एन१०० घे म्हणणार नाही.

आणि गुरुवारचं राहिलंच की. साडेचार-पाचपर्यंत चालेल असं मी छाती ठोकून सांगितलं होतं, प्रत्यक्षात चारलाच बॅटरी संपायची. मी बॅटरीला दोष दिला, इन्व्हर्टरला दिला, पाणी भरून बघितलं. डिसेंबरात एका गुरुवारी सहज ऑफिसात गेलो, सगळीकडे अंधार, आणि कोपऱ्यात डीव्हीआरचा २२ इंची मॉनिटर सोळा कॅमेऱ्यांची चित्रं रिकाम्या शॉपला दाखवत चालू. तो मी कधी मोजलाच नव्हता कारण पहिल्यांदा मोजताना तो बंद होता. मीटर लावला, १८ वॅट. माझ्या १७,५०० च्या डब्यापेक्षा सात जास्त.

काका आता बुधवारी जाताना त्याचं बटण बंद करतात, आणि गुरुवारी सव्वापाच होतात.